वर्षअखेरची नोंद आणि जूनची शाळा

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे वर्ष एकाच दिवशी संपत नाही. पैशाचे वर्ष 31 मार्चला संपते आणि त्या दिवसापर्यंत पटानुसार मिळालेल्या शाळा अनुदानाचा खर्च, त्याच्या पावत्या आणि उपयोगिता प्रमाणपत्र यांची जुळणी मुख्याध्यापकाला करावी लागते. मुलांचे वर्ष निकालाच्या दिवशी, म्हणजे बहुतेक ठिकाणी 1 मे रोजी संपते. आणि शाळेला पुढे किती शिक्षक मिळणार हे ज्या पटावरून ठरते, तो पट मात्र 30 सप्टेंबरचा धरला जातो. पटाच्या प्रमाणात शिक्षकांची पदे मंजूर करण्याच्या या प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात. या तीन तारखांना शाळा तीन निरनिराळ्या वाचकांसाठी लिहीत असते. पहिला वाचक पंचायत समितीतील लेखा विभाग, दुसरा पालक, तिसरा संगणकीय प्रणालीत भरलेली माहिती तपासणारे कार्यालय. चौथा वाचक म्हणजे पुढील वर्षी त्याच मुलांसमोर उभा राहणारा शिक्षक. त्याच्यासाठी कोणतीही तारीख ठरलेली नाही, आणि वर्षअखेरच्या लेखनात सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होते.

निकालाचा दिवस महाराष्ट्र दिनी येण्यामागे सोय आहेच, पण त्या तारखेचा शाळेशी आणखी एक संबंध आहे. राज्यातील जिल्हा परिषदा 1961 च्या अधिनियमानुसार 1 मे 1962 पासून कामाला लागल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. या रचनेची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे वऱ्हाडातीलच, पुसदचे. ज्या दिवशी झेंडावंदनानंतर व्हरांड्यात प्रगतिपत्रके वाटली जातात, तो दिवस शाळा गावाच्या प्रातिनिधिक संस्थेकडे सोपवली गेल्याचाही दिवस आहे. सरपंच, अंगणवाडी सेविका, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि पालक ज्या एका सकाळी एकत्र असतात, त्या सकाळी शाळेने वर्षाची हकिकत गावाला सांगावी, ही अपेक्षा म्हणूनच रास्त ठरते. ती हकिकत कशी लिहावी, हा शिक्षकाच्या कसबाचा भाग आहे. त्याचे प्रशिक्षण फार थोडे दिले जाते.

या लेखनाचा गाभा म्हणजे वर्णनात्मक नोंद. राज्यात 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. त्यात मूल्यमापनाचे दोन भाग आहेत: वर्षभर निरीक्षण, तोंडी काम, कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशा साधनांनी केले जाते ते आकारिक, आणि सत्राच्या शेवटी लेखी-तोंडी-प्रात्यक्षिक स्वरूपात केले जाते ते संकलित. पहिली-दुसरीला आकारिकचा भार 70 आणि संकलितचा 30, तिसरी-चौथीला 60 व 40, पाचवी-सहावीला मूळ निर्णयात दोहोंना समान. गुणांचे रूपांतर श्रेणीत होते, आणि श्रेणीसोबत ‘विशेष प्रगती’, ‘आवड, छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ या शीर्षकांखाली प्रत्येक मुलाविषयी काही वाक्ये लिहावी लागतात. हीच वर्णनात्मक नोंद. लहान मुलांच्या बाबतीत वर्षभराच्या निरीक्षणाला परीक्षेपेक्षा दुपटीहून अधिक वजन देणारी ही रचना विचारपूर्वक केलेली आहे, परंतु निरीक्षण नोंदीत उतरले नाही तर ते वजन कागदावरच राहते.

बाजारात आणि मोबाइलवर वर्णनात्मक नोंदींचे तयार संच मिळतात. विषयवार शेकडो वाक्ये त्यांत असतात आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, पेपर तपासणी, पोषण आहाराचा शिल्लक साठा, दाखलपात्र मुलांची यादी आणि ऑनलाइन माहिती हे सर्व एकाच वेळी अंगावर आले की, त्या संचातून वाक्ये उचलली जातात. वेळेची ओढाताण खरी आहे आणि तिची जबाबदारी एकट्या शिक्षकावर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही ‘गणन क्रियेत सुधारणा आवश्यक’ हे वाक्य वर्गातील निम्म्या मुलांच्या पत्रकावर लिहिले गेले की ते कोणाविषयीच राहत नाही, ही गोष्ट मान्य करावी लागते. त्याच जागी ‘दोन अंकी संख्यांची बिनहातच्याची वजाबाकी तोंडीही करते, हातचा घ्यावा लागला की दशक सुटा करण्याची पायरी गाळते, काड्यांचे गठ्ठे हाती दिले की स्वतःच चूक शोधते’ असे लिहिले, तर जूनमध्ये आलेला नवा शिक्षक पहिल्याच दिवशी काड्यांचे गठ्ठे घेऊन त्या मुलीजवळ बसू शकतो. अशा नोंदीत तीन गोष्टी असतात: मूल आज काय करते, कुठे अडते, आणि कशाच्या आधाराने पुढे सरकते. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची असून तीच सर्वांत कमी लिहिली जाते, कारण ती उत्तरपत्रिकेत दिसत नाही. मूल काम करत असताना त्याच्या शेजारी बसलेल्या माणसालाच ती कळते.

म्हणून चांगली नोंद एप्रिलमध्ये लिहिली जात नाही, एप्रिलमध्ये ती केवळ एकत्र केली जाते. प्रत्येक मुलाच्या नावाचे एक पान ठेवून, आठवड्याला मोजक्या मुलांविषयी एकदोन ओळी तारखेसह लिहीत गेल्यास वर्षाच्या शेवटी त्या ओळी एकाखाली एक वाचताना एक दिशा दिसू लागते. श्रावणात जोडाक्षरापाशी थांबणारा मुलगा माघात परिच्छेद वाचतो, पण वाचलेले सांगताना अजून अडखळतो; हे अडखळणे वाचनाचे आहे की चारचौघांत बोलण्याच्या संकोचाचे, याचा उलगडा एका दिवसाच्या चाचणीतून होत नाही. येथे वऱ्हाडी बोलीचाही विचार करावा लागतो. घरी ‘काहून’ म्हणणारे मूल गोष्ट सांगताना ‘काहून’च म्हणणार, आणि गोष्टीचा क्रम, कारण आणि शेवट त्याने नेमका सांगितला असेल तर त्याच्या पत्रकावर ‘भाषा अशुद्ध’ असे लिहिणे हे निरीक्षणही नव्हे आणि मार्गदर्शनही नव्हे. प्रमाणभाषेत लिहायला ते पुढे शिकेलच. सांगण्याची उमेद मात्र पहिल्या दोन वर्षांतच जपावी लागते. मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत हा प्रश्न अधिक खोल आहे. तेथील कोरकू भाषा मुंडा भाषाकुलातील, मराठीशी नाते नसलेली. तेव्हा पहिलीतील कोरकू मुलाविषयी ‘सूचना समजत नाहीत’ असे लिहिण्यापूर्वी सूचना कोणत्या भाषेत दिली होती, हे नोंदीत आलेच पाहिजे.

द्विशिक्षकी शाळेत, म्हणजे जिथे दोन शिक्षक चार किंवा पाच वर्ग सांभाळतात अशा शाळेत, या लेखनाबद्दल एक गैरसमज आढळतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार 60 पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, आणि दोन्ही जिल्ह्यांतील कित्येक खेड्यांत शाळा एवढीच आहे. मुले पुढील वर्षीही आपल्याकडेच येणार, मग लिहायचे कोणासाठी, असे तेथे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शिक्षकांच्या बदल्या बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीतच होतात. मे महिन्यात शाळा बंद करून गेलेला शिक्षक जूनमध्ये दुसऱ्या तालुक्यात रुजू होतो आणि त्याच्या मनात साठलेले मुलांविषयीचे सारे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. नोंद परक्या माणसाला वाचता येईल अशी लिहिली पाहिजे, ती याच कारणाने.

पुढील वर्षाच्या नियोजनाकडे वळताना पहिली अडचण पंचांगाची येते. शाळेचे वार्षिक नियोजन राज्यभर जवळपास एकाच साच्यात केले जाते, आणि वऱ्हाडाचे ऊन, कापूस व पाणी त्या साच्यात मावत नाही. मार्चपासून शाळा सकाळची होते. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जाणे नवलाचे राहिलेले नाही, आणि मे 2024 मध्ये तर उष्णतेच्या लाटेमुळे त्या जिल्ह्यात कलम 144 लागू करून खासगी शिकवण्यांच्या वेळाही दुपारपासून दूर ठेवाव्या लागल्या. 2025 मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षांसाठी राज्यभर 8 ते 25 एप्रिल असे एकच वेळापत्रक ठरले, तेव्हा विदर्भातून उन्हाचा मुद्दा जोराने मांडला गेला, आणि तो योग्यच होता. वर्गावर पत्रे असतील आणि वीज गेलेली असेल, तर तिथे घेतलेल्या परीक्षेत उन्हाचाही हिशेब येतो. अभ्यासाचे दिवस भरून यावेत ही अपेक्षा चुकीची नाही. पहिली ते पाचवीसाठी कायद्यानेच वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास ठरवले आहेत. ते दिवस कोणत्या महिन्यांत गोळा करायचे, एवढ्याचा निर्णय त्या त्या प्रदेशाच्या हवामानावर सोडला पाहिजे.

कापसाचे पंचांग हजेरीपटावर स्पष्ट उमटते. दिवाळीच्या सुमारास वेचणी जोर धरते आणि पुढे काही आठवडे चालते. आई पहाटे शेतात जाते, तेव्हा तिसरी-चौथीतील मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहते, किंवा त्याला घेऊनच शाळेत येते. हा अनुभव असलेला शिक्षक हातच्याची वजाबाकी, भागाकाराची पहिली ओळख, मोठ्या परिच्छेदाचे आकलन असे नवे आणि पायाचे घटक जुलै ते सप्टेंबर या सलग हजेरीच्या काळात घेतो, वेचणीच्या आठवड्यांत सराव, गोष्टी आणि मोजमापाच्या कृती ठेवतो, आणि संक्रांतीनंतर पुन्हा नव्या घटकाला हात घालतो. धावण्याच्या शर्यतीत शिट्टी होताना जे मूल मैदानाबाहेर होते, त्याला मागे पडलेले म्हणता येत नाही. वेचणीच्या काळात शिकवलेल्या घटकाच्या चाचणीत नापास झालेल्या मुलांची गोष्ट तशीच आहे. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे, ज्यावर मुलाची अध्ययनाची स्थिती लिहून ते नव्या गावच्या शाळेत दाखवता येते. मेळघाटातून कामाला गेलेली कुटुंबे होळीला गावी परततात. त्यांच्या मुलांच्या कार्डावरील मजकूर हाही वर्णनात्मक नोंदच आहे, आणि तो दुसऱ्या शाळेत वाचला जाणार हे निश्चित असल्याने तो तर अधिकच काळजीने लिहायला हवा.

शाळा विकास आराखडा हा या नियोजनाचा दुसरा कागद. शिक्षण हक्क कायद्याने तो तयार करण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीला दिले आहे; समितीतील तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्यात, असाही दंडक आहे. आराखडा तीन वर्षांचा असतो, त्याचे वर्षवार भाग पाडायचे असतात आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तो तयार व्हावा लागतो. वऱ्हाडात त्यात काय येते हे पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्यात भेगाळून पावसात फुगणाऱ्या काळ्या जमिनीवर बांधलेल्या खोल्यांच्या भिंतींना तडे जातात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत, शाळेच्या आवारात विंधन विहीर घेतली तरी पाणी पिण्यायोग्य निघेलच असे नाही. या मागण्या अटळ आहेत. परंतु आराखडा डिसेंबरात भिंती आणि पाण्याविषयी लिहिला जातो, मुलांच्या नोंदी एप्रिलमध्ये वाचनाविषयी लिहिल्या जातात, आणि दोन्ही कागद एकमेकांना कधी भेटत नाहीत. तिसरीतील किती मुलांना अजून परिच्छेद वाचता येत नाही, आणि त्यांच्यासाठी पुस्तके, रोजचा एक तास व एखादी स्वयंसेवक माता यांची तजवीज कशी करायची, हे आराखड्यात आले तर समितीतील आयांनाही त्यावर बोलता येते. सिमेंटच्या दराविषयी त्या गप्प बसतील, आपल्या मुलाच्या वाचनाविषयी बसणार नाहीत.

वर्षाची वार्ता गावाला सांगताना यशाची यादी पुढे येते, आणि तिचा आनंद खराच असतो. पाचवीतील एखादे मूल नवोदयला निवडले गेले, तर शाळेने ते अभिमानाने सांगावे. देशातील पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक अमरावतीचे असल्याने या भागात त्या नावाला विशेष वजन आहे. याच दिवसांत गावात कॉन्व्हेंटच्या गाड्या फिरू लागतात, दाखलपात्र मुलांच्या घरी दोन्हीकडचे शिक्षक जातात आणि पटाची चिंता यशाच्या यादीला जाहिरातीकडे ओढते. शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ मेळाव्याने 2022 पासून याला चांगला पर्याय दिला आहे. पहिलीत येणारे मूल आणि त्याची आई शाळेत येतात, सात टेबलांवर मूल चेंडू झेलते, रंग ओळखते, चित्रावरून बोलते, वस्तू मोजते, आणि सुट्टीत घरी काय करून घ्यायचे हे आईला सांगितले जाते. पहिला मेळावा एप्रिलच्या सुमारास आणि दुसरा जूनमध्ये होतो, म्हणून मधल्या काळातील बदल आईलाच दिसतो. एका निवडीच्या बातमीपेक्षा हे दृश्य पालकाला शाळेविषयी अधिक सांगून जाते, आणि पट टिकवण्याचा याहून प्रामाणिक मार्ग दिसत नाही.

विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. 2025 मध्ये राज्यात 16 जूनला आणि विदर्भात 23 जूनला शाळा सुरू झाल्या. 1 मेपासून मोजले तर मूल सात आठवड्यांहून अधिक काळ पुस्तकापासून दूर असते, आणि एप्रिलमध्ये वाक्य वाचणारे मूल शब्दावर आलेले असू शकते. जूनच्या नियोजनात म्हणून पहिला पंधरवडा नव्या पाठ्यपुस्तकाला न देता जुन्या नोंदींच्या पडताळणीला द्यावा: रोज चारपाच मुले जवळ घ्यावीत, एप्रिलची नोंद समोर ठेवावी, तीच कृती पुन्हा करून पाहावी आणि नोंदीखाली आजची तारीख घालून एक ओळ लिहावी. बदलून आलेल्या शिक्षकासाठी हीच वर्गाची ओळख ठरते. निकालाच्या दिवशी जे पालक उन्हामुळे किंवा कामामुळे आले नव्हते, त्यांना जुलैच्या पहिल्या पालक सभेत प्रगतिपत्रकातील वाक्ये वाचून दाखवावीत. ज्या आईला वाचता येत नाही तिच्यापर्यंत आपल्या मुलाची नोंद पोहोचण्याचा दुसरा रस्ता नाही, आणि ती ऐकताना ‘घरी तर तो बरोबर मोजते’ असे ती म्हणाली, तर तेही त्याच पानावर लिहून घ्यावे.