कारखान्यांच्या गावातली पियानोची शिकवणी

पियानोवादकाची कारकीर्द म्हटलं की डोळ्यांसमोर रंगमंच येतो. मैफली मिळाल्या नाहीत म्हणून पोटासाठी पत्करलेलं काम म्हणजे शिकवणी, असा समज खुद्द वादकांमध्येही आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये वाजवत आणि शिकवत राहिल्यावर मला तो साफ चुकीचा वाटतो. शिकवणी हा या कलेचा कणाच आहे, आणि त्याचा पुरावा पियानोसाठी लिहिलेल्या संगीतातच सापडतो. बाखच्या ‘इन्व्हेन्शन्स’ पहिल्यांदा ज्या वहीत उतरल्या, ती त्याने १७२० मध्ये थोरल्या मुलाला शिकवण्यासाठी सुरू केली होती. बार्टोकच्या ‘मिक्रोकॉस्मॉस’मधल्या १५३ रचना अगदी पहिल्या धड्यापासून चढत जातात, आणि त्यांतल्या शेवटच्या नृत्यरचना आज मैफलीत वाजतात. चेर्नी बीथोव्हेनकडे शिकला आणि लिस्ट चेर्नीकडे. त्याच लिस्टने १८४७ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, पैशांसाठी मैफली करणं सोडलं आणि पुढे फी न घेता शेकडो जणांना शिकवलं. युरोपभर त्याच्याइतक्या टाळ्या कुणाला मिळाल्या नव्हत्या, तेव्हा मैफली मिळेनात म्हणून तो शिकवणीकडे वळला असं कुणी म्हणू शकणार नाही.

शिकवण्याने वाजवणं कसं सुधारतं, हे मी रोजच्या कामातून समजून घेतलं आहे. अनामिका शेजारच्या बोटांशी कंडरांनी जखडलेली असते, म्हणून ती एकटी उचलताना मनगट ताठ होतं. मोठा वादक सवयीने त्यातून वाट काढतो, पण का आणि कशी ते त्याला सांगता येतंच असं नाही. मुलाला शिकवायचं तर सांगता आलंच पाहिजे. मग दंडाचं वजन बोटापर्यंत कसं उतरतं, डाव्या हाताची चाल उजव्यापासून वेगळी ऐकू कशी येते, हे सगळं स्वतःच्या हातात पुन्हा तपासावं लागतं. रियाज करताना जे प्रश्न आपण टाळतो, ते दहा वर्षांचं मूल सरळ विचारतं. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: ज्या शिक्षकाने लोकांसमोर वाजवणं थांबवलं, त्याची उत्तरं हळूहळू पुस्तकी होतात.

यावर इथले पालक जो आक्षेप घेतात, तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. घरात कुणाची फर्स्ट शिफ्ट, कुणाची नाइट. चाकणच्या कंपनीतून बदली झाली की कुटुंब दुसऱ्या राज्यात. दहावीनंतर प्रवेशपरीक्षांचे क्लास. मुलगी चार-पाच वर्षंच शिकणार असेल तर एवढा खटाटोप कशाला? म्हणूनच मी ग्रेडच्या परीक्षांना शिकवणीचं केंद्र मानत नाही. आठ ग्रेडची ही शिडी उपयोगी आहे, पण वर्षभर परीक्षेचे तीनच तुकडे घोटले की प्रमाणपत्र मिळतं आणि नवं पान वाचता येत नाही. चार वर्षांत मुलीला नोटेशन पाहून स्वतः वाजवता येऊ लागलं, तर बदलीच्या गावीही संगीत तिच्यासोबत जातं.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. पेटीचं उदाहरण त्याला पुरेसं उत्तर आहे. द्बँ या वाद्यनिर्मात्याने हार्मोनियमचं पेटंट १८४२ मध्ये पॅरिसमध्ये घेतलं. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं तिला दाराबाहेर ठेवलं. तरी गोविंदराव टेंब्यांपासून तुळशीदास बोरकरांपर्यंतच्या वादकांनी ती आपली करून टाकली. बोरकर पी. मधुकरांकडे शिकले आणि पुढे स्वतः शिष्य घडवत राहिले. पियानोवर मींड निघत नाही, हे खरं. म्हणून त्याच्याकडून रागसंगीताची अपेक्षा मी करत नाही. त्याचं स्वतःचं संगीत मोठं आहे, ते तसंच शिकावं.

राहिला डिजिटल कीबोर्ड. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये, हेडफोन लावून, शिफ्टवरून आलेल्या माणसाची झोप न मोडता वाजवायला वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो उत्तम, आणि सुरुवातीला मी तोच घ्यायला सांगतो. पण पेडल दाबल्यावर न छेडलेल्या ताराही झंकारतात, तो नाद लाकूड आणि तारांजवळ बसूनच कळतो. यासाठी चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहासारख्या ठिकाणी एक ग्रँड पियानो कायमचा असावा, असं मला कळकळीने वाटतं. कारखान्यांच्या गावात हे वाद्य शोभत नाही, असं म्हणणाऱ्यांनी ते आतून पाहावं. सव्वादोनशेच्या आसपास तारांचा अठरा-वीस टनांचा ताण बिडाची एकसंध चौकट पेलते. १८२५ मध्ये बॅबकॉक या पियानोनिर्मात्याने तिचं पेटंट घेतलं, तेव्हा आजच्या पियानोची वाट मोकळी झाली. बिडाचं ओतकाम भोसरीला नवं नाही. पावसाळ्यात फुगणारं लाकूड, उतरणारे सूर, झिजणारे फेल्ट यांची निगा राखणारे हात मात्र फार थोडे आहेत. आयटीआयमधून बाहेर पडलेल्या, कान चांगला असलेल्या फिटरला हे काम शिकवता येईल, आणि मुलांच्या शिकवणीइतकंच ते आम्हा वादकांचं काम आहे असं मी मानतो.