बदला आणि मोबदला

अमेरिकन लेखक चार्ल्स पोर्टिस यांची ‘ट्रू ग्रिट’ ही 1968 सालची कादंबरी सुट्टीत वाचून काढली. वेस्टर्न म्हटलं की घोडे, बंदुका आणि कमी बोलणारे पुरुष. इथे बोलते ती मॅटी रॉस. लग्न न केलेली, एका हाताची म्हातारी बाई आपल्या चौदाव्या वर्षातली हकीकत सांगते आहे. आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथ गावात टॉम चेनी नावाच्या गड्याने तिच्या वडिलांना गोळी घातली, दीडशे डॉलर आणि सोन्याची दोन नाणी काढून घेतली आणि घोडीवर बसून पळाला.

मुलगी गावात येते. आता ही रडेल, असं आपल्याला वाटतं. ती भाव करायला बसते. वडिलांनी घेतलेली तट्टं ती व्यापाऱ्यालाच परत घ्यायला लावते, त्याच्या तबेल्यातून गेलेल्या घोडीचीही किंमत मागते आणि वकिलाचं नाव घेऊन त्याला असा जेरीस आणते की तो 325 डॉलर मोजून मोकळा होतो. मग त्यातलंच एक तट्टू त्याच्याकडून स्वस्तात परत घेते! ही घासाघीस मी दोनदा वाचली, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मॅटी स्वतः मात्र एकदाही हसत नाही. आपण काही गमतीचं बोलतोय, याचा तिला पत्ताच नसतो. पोर्टिस तरुणपणी आर्कान्सातल्या वर्तमानपत्रात खेड्यांतल्या बायकांनी पाठवलेल्या बातम्या नीट करायचे. तो ठाम, कोरडा सूर त्यांच्या कानात राहिला असावा.

चेनीला पकडायला ती रूस्टर कॉगबर्न या एकडोळ्या, दारुड्या मार्शलला पैसे देऊन नेमते. टेक्सासचा रेंजर लाबीफही चेनीच्याच मागावर असतो, कारण चेनीने तिकडे एका सिनेटरला मारलंय आणि त्याच्यावर बक्षीस आहे. तो म्हणतो, टेक्सासात फाशी गेला काय नि इथे गेला काय, मरणार तर आहेच. मॅटीला हे मुळीच मंजूर नाही. चेनी माझ्या वडिलांच्या खुनासाठीच मेला पाहिजे, आणि ते त्याला कळलंही पाहिजे. दुसऱ्याच्या खात्यावरची फाशी तिला नको.

वर्गात उर्दू शब्द मराठीत कसे आले, हे सांगताना मी ‘बदल’ हा मूळ अरबी शब्द घेते. बदला त्यातूनच आला आणि मोबदलाही. मुलं दर वर्षी चकित होतात. आपल्या मनात बदला म्हणजे रक्त, मोबदला म्हणजे मजुरी. मॅटीच्या वहीत दोन्ही एकाच पानावर आहेत.

वाचताना मला माझी थोरली खाला सारखी आठवत होती. खालू कारखान्यातल्या अपघातात गेले. भरपाईसाठी ती किती वर्षं खेटे घालत होती! एसटीचं तिकीट, झेरॉक्स, कोर्टाचा स्टॅम्प, सगळं पोराच्या जुन्या शाळेच्या वहीत. कारकून म्हणाला, तिकिटं कशाला लावलीत? खाला म्हणाली, “मैं क्या उड के आई?” नातेवाईक कुजबुजायचे, माणूस गेला आणि ही बाई पावत्या मोजते. तिने आवाज कधी चढवला नाही. पण तडजोडीच्या कागदावर खालूंच्या नावाचं एक अक्षर चुकलं होतं, तर ते दुरुस्त होईपर्यंत तिने सही केली नाही. पैसे आणखी सहा महिने लांबले.

पोर्टिस मॅटीला फुकट काहीच देत नाहीत. तिची गोळी चेनीला लागते, आणि त्याच धक्क्याने ती मागे सापांच्या खड्ड्यात पडते. चेनीला संपवतो रूस्टर. तिला साप चावतो. तिला वैद्याकडे पोचवताना ते स्वस्तात घेतलेलं तट्टू धावून धावून मरतं आणि शेवटी हात कापावा लागतो. हे सगळं ती त्याच सुरात सांगते. इथे मला हसू आलं नाही.

या कादंबरीवर दोन सिनेमे निघाले. 1969 च्या सिनेमासाठी जॉन वेनला ऑस्कर मिळालं. तो रूस्टरच जास्त झाला. कोएन बंधूंच्या 2010 च्या सिनेमात मॅटीचं बोलणं बरंचसं शाबूत आहे. तरी आधी पुस्तकच वाचा.

पंचवीसेक वर्षांनी तो म्हातारा मेम्फिसला एका खेळात काम करतोय, असं मॅटीला कळतं. ती भेटायला जाते, तर तो काही दिवसांपूर्वीच वारलेला. त्याला तिथून आणून ती आपल्या घराण्याच्या दफनभूमीत पुरते. लोक काय काय बोलतात, हे तिला ठाऊक आहे. थडग्यावर संगमरवरी दगड बसवते आणि तो किती डॉलरला पडला, तेही सांगते.