प्रवाहात उभी असलेली नळी

लहानपणी आमच्या गावच्या रेल्वे स्थानकाबाहेर तारायंत्राचे खांब उभे होते, आणि पौषातल्या पहाटे वारा सुटला की त्यांपैकी एखाद्याला कान लावून त्यातून येणारा तो संथ, अखंड गुंजारव ऐकत मी शाळेची वेळ विसरत असे. तारेतून धावणाऱ्या बातम्यांचाच तो आवाज, अशी आम्हा पोरांची दृढ समजूत होती. तो आवाज वाऱ्याचा आहे, आणि त्याचा हिशेब स्ट्रूहाल नावाच्या चेक शास्त्रज्ञाने 1878 सालीच मांडून ठेवला आहे, हे मला पुढे एका तुटलेल्या पोलादी नळीने शिकविले.

ती नळी म्हणजे थर्मोवेल; कारखान्यात तिला नुसते 'वेल' म्हणतात. वायूच्या वाहिनीत तापमापक उघडाच खुपसला, तर तो काढण्यासाठी दर वेळी वाहिनी रिकामी करणे आले. म्हणून एका टोकास बंद असलेली ही जाड नळी वाहिनीत कायमची बसवून तिच्या पोकळीत तापमापक सोडतात, आणि मग आत केवढाही दाब असला तरी बाहेरचा माणूस तो निर्धास्तपणे काढू-घालू शकतो. मी नोकरीस लागलो त्याच आठवड्यात आमच्या वृद्ध मिस्त्रींनी मला तिच्या माथ्यावरचे दोन षटकोन दाखविले, खालचा वेलचा, वरचा तापमापकाचा. "साहेब, खालच्याला एक पाना धरून ठेवायचा नि दुसऱ्यानं वरचा फिरवायचा. खालचा हलला, की वायू तोंडावर!" तीस वर्षांत ही आज्ञा मी एकदाही मोडली नाही.

तापमानाची एवढी आस्था कशासाठी, असे कोणी विचारील. वायूचा प्रवाह ऑरिफिस प्लेटच्या, म्हणजे वाहिनीत आडव्या बसविलेल्या भोकाच्या चकतीच्या, दोन्ही अंगांच्या दाबांतील फरकावरून मोजतात. परंतु वायू तापला की विरळ होतो, आणि 30 अंशांच्या आसपास 3 अंशांची चूक घनतेत सुमारे एक टक्क्याची, म्हणून वर्गमूळाच्या हिशेबाने प्रवाहात अर्ध्या टक्क्याची तफावत घडविते, जी विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या दप्तरांत वर्षाअखेरीस क्षुल्लक राहत नाही. वेल बसवायची तीही प्लेट ओलांडल्यावर पुढे. अलीकडे बसविल्यास तिच्यामागे उठणारे भोवरे प्लेटपाशीच्या मोजणीस बाधा आणतात.

हे भोवरे मोजणी बिघडवितात एवढे मला ठाऊक होते. ते पोलाद तोडतात हे ठाऊक नव्हते. नळीचे टोक वाहिनीच्या मध्यापर्यंत पोहोचावे या हेतूने जुनीऐवजी अधिक लांब वेल मागविण्याच्या मागणीपत्रावर सही माझी होती. पुढे उत्पादनवाढीच्या हुकुमाबरहुकूम प्रवाह वाढविण्यात आला, आणि एका रात्रपाळीत तापमापकाच्या आट्यांतून शीळ घातल्यासारखा वायू सुटू लागला. पाळीप्रमुखाने वाहिनी तत्काळ अलग केली म्हणून कोणास इजा झाली नाही. वेल मुळापाशी तुटली होती. तिचा तुकडा पुढच्या व्हॉल्व्हमध्ये अडकलेला सापडला.

त्यानंतर स्ट्रूहालचे गणित मी रात्र-रात्र जागून वाचले. प्रवाहात उभ्या असलेल्या दांड्याच्या दोन्ही कडांपासून आळीपाळीने भोवरे सुटतात; 20 मिलिमीटर जाडीच्या नळीवरून सेकंदास 20 मीटर वेगाने वायू वाहिला, तर ते सेकंदास सुमारे 200 वेळा तिला हेलकावे देतात. नळीची स्वतःची कंपनसंख्या या आकड्याच्या जवळ आली की तारेचा तोच गुंजारव धातूला शिणवू लागतो. आणि लांबी दुप्पट केली असता ही कंपनसंख्या चौथाईवर येते, याचा मी सही करताना विचारच केला नव्हता. 8 डिसेंबर 1995 रोजी जपानमधील मोंजू अणुभट्टीत वितळलेल्या सोडियमच्या वाहिनीतील अशीच एक वेल, जाडी जिथे एकदम कमी होत होती नेमकी तिथेच, कंपनांनी तुटली आणि शेकडो किलो सोडियम बाहेर पडून पेटले, ही वार्ता वाचली तेव्हा मला सर्वप्रथम माझी ती सहीच आठवली.

आता सेवानिवृत्त आहे. तो तुटका तुकडा माझ्या मेजावर आहे. कारखान्यात नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे की, प्रवाह वाढविण्याचा हुकूम हाती पडेल त्याच दिवशी, वाहिनीत उभ्या असलेल्या प्रत्येक वेलचे गणित पुन्हा मांडावे, आणि ते मांडून होईपर्यंत सही करू नये.