गाडी का बसते?

आमची गाडी रात्री बसायची. म्हणजे संध्याकाळी गॅरेजमध्ये ताठ उभी करावी आणि सकाळी बघावं तर मागचा डावा कोपरा खाली, म्हैस एका कुशीवर रेलावी तशी. सुरू केली की पोटातून घुर्र असा आवाज यायचा, मिनिटभराने बाईसाहेब उठायच्या आणि मग दिवसभर काही झालंच नाही अशा थाटात चालायच्या.

गाडी साधीसुधी नाही हो! चामड्याच्या सीटांची युरोपियन एसयूव्ही. नवी असताना तिची किंमत ऐकून मी शोरूमच्या दारातूनच परत फिरलो असतो. पण नऊ वर्षांची झाल्यावर एका साध्या सेडानच्या भावात मिळाली. "एवढी स्वस्त का देतायत, ते विचारलंस का?" असं बायकोने तेव्हा विचारलं होतं. मी विचारलं नव्हतं. (हे वाक्य घरात अजून वापरात आहे.)

या गाडीला लोखंडी स्प्रिंग नाहीत. चारही चाकांपाशी हवेने फुगलेल्या जाड रबरी पिशव्या असतात. एक छोटा कंप्रेसर हवा भरतो, वाल्व ब्लॉक ती कुठल्या चाकाकडे सोडायची ते बघतो आणि चाकाजवळचे सेन्सर गाडीची उंची कॉम्प्युटरला कळवत राहतात. रस्त्यावर अगदी लोण्यासारखं वाटतं. बिघडलं की मात्र खिशाला भोक.

नोव्हेंबरमध्ये शिकागोची थंडी सुरू झाली आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. इंजिनाचे कोड वाचणारं माझं स्वस्तातलं यंत्र सस्पेन्शनबद्दल मुकं, म्हणून मित्राचा चांगला स्कॅनर आणला. कोडचा अर्थ असा की ठरलेल्या वेळात हवेचा दाब तयार होत नाहीये. मी लगेच निष्कर्ष काढला, कंप्रेसर गेला! चारशे डॉलर मोजले, एक अख्खा शनिवार घालवून नवा बसवला आणि स्वतःवर जाम खूश झालो. जानेवारीत दिवा परत आला. नवा कंप्रेसर तापून मधेच बंद पडत होता.

त्याच दिवसांत अण्णा आमच्याकडे होते. त्याच्या आदल्या वर्षी आई गेली. पुण्यात एकटे कसे राहतील म्हणून मी त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे घेऊन आलो. अण्णांनी एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं काढली. इथे ते खिडकीपाशी बसून बर्फ बघायचे. विचारलं तर "बरं आहे" म्हणायचे. त्यांचं मन रमावं म्हणून मी मराठी चॅनेल घेतले, मग पाय वर होणारी खुर्ची आणली, मग टॅबलेट. दर पंधरा दिवसांनी काहीतरी नवीन. अण्णा होते तिथेच.

एका सकाळी मी गॅरेजमध्ये गाडीला शिव्या घालत असताना दारात माकडटोपी आणि शाल दिसली.

"काय झालं?"

"कंप्रेसर गेला, अण्णा. परत."

"का गेला?"

"तसा कोड आलाय."

"कोड म्हणतो हवा भरत नाही. भरलेली जाते कुठे, ते विचारलंस का?"

घरातलं ते वाक्य अण्णांपर्यंत कसं पोचलं, देव जाणे.

मग त्यांनी सूत्रं हातात घेतली. आधी बॅटरी बघायला लावली. चांगली चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. आमची १२.२ होती, म्हणजे जेमतेम अर्धी. अशा गाड्यांत व्होल्टेज कमी पडलं की नसलेल्या रोगांचेही दिवे लागतात. "अर्धपोटी माणूस काहीही बडबडतो. आधी जेवू घाल, मग ऐक," अण्णा म्हणाले. रात्रभर चार्जिंग केलं. बरेच कोड पुसले गेले, सस्पेन्शनचा राहिला.

मग टेप आणि वही. गाडी सपाट जागेवर उभी केली आणि चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवलं. गाडी रात्री आपणहून उंची बदलू नये म्हणून सस्पेन्शनचा फ्यूज काढला. सकाळी तीन कोपरे जवळपास जागच्या जागी, मागचा डावा सहा सेंटीमीटर खाली. वाल्व ब्लॉकवरचा माझा संशय तिथेच कमी झाला. एकच कोपरा बसतो म्हणजे आधी त्याच कोपऱ्यातली पिशवी आणि नळी बघायची.

फ्यूज घालून गाडी उठवली. चेसिसखाली लोखंडी स्टँड लावेपर्यंत अण्णांनी मला वाकू दिलं नाही. "हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली मुंडकं घालायचं नाही." भांड्यांच्या साबणाचं पाणी फवारलं. काहीच नाही. मी उठायला लागलो तर म्हणाले, "थांब जरा." दोन-तीन मिनिटांनी, पिशवी जिथे स्वतःवर दुमडते त्या घडीत, मोहरीएवढे बुडबुडे जमायला लागले. रबराला तिथे केसासारखी चीर होती. थंडीत रबर कडक झालं की ती आणखी उघडत असणार.

"माठ गळतोय आणि तू पाणी भरणारी बाई बदललीस," अण्णा म्हणाले. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच हसले असावेत.

मागच्या दोन्ही पिशव्या जोडीनेच बदलल्या. कंप्रेसरचा रिलेही नवा घातला, कारण तो चिकटला तर कंप्रेसर थांबतच नाही. दिवा गेला तो गेलाच.

त्या रात्री मी त्या महागड्या खुर्चीसमोर जमिनीवर बसलो. चॅनेल, खुर्ची, टॅबलेट... मी नुसते पार्टच बदलत होतो की! टीव्ही बंद केला आणि विचारलं, "अण्णा, नक्की काय होतंय?" बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सकाळी उठल्यावर मला काही काम नसतं रे. तुझी आई होती तेव्हा दूध आणायचं माझ्याकडे होतं."

दुसऱ्या दिवसापासून गॅरेज त्यांच्या ताब्यात दिलं. महिनाभरात शेजारच्यांची व्हॅनही दारात आली. भाषेची अडचण आली नाही, व्होल्टमीटरला इंग्रजी येत नाही.

एप्रिलमध्ये अण्णा पुण्याला परतले. आता दर रविवारी फोनवर तब्येतीची चौकशी दोन वाक्यांत आटपतात आणि मग विचारतात, "चार कोपरे सांग." खरं तर मोजायची गरज राहिलेली नाही, गाडी बसत नाही. तरी रविवारी सकाळी मी टेप घेऊन गॅरेजमध्ये जातो.