घरी बांधलेले विमान

विमानात मी अजून बसलेली नाही. आमच्या घरात कोणीच बसलेले नाही. त्यामुळे या अंकासाठी मी विमानावर लिहिते आहे म्हटल्यावर वर्गातल्या मैत्रिणी हसल्या. एक जण म्हणाली, "अगं, बी.ए.च्या मुलीने कविता द्यावी, फार तर प्रवासवर्णन द्यावे. विमान हा सायन्सवाल्यांचा प्रांत!" तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पण मी ज्या विमानांबद्दल लिहिणार आहे ती विमानतळावर रांगेने उभी असणारी विमाने नव्हेत. ती माणसांनी आपल्या घरी, आपल्या हातांनी बांधलेली विमाने आहेत. आणि हातांनी बांधलेल्या वस्तूंविषयी दोन शब्द बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असे मला वाटते. कारण माझे वडील वेल्डर आहेत.

घरी विमान बांधायचे, ही कल्पना ऐकताच आपल्याला हसू येते. पण मुंबईत कांदिवलीला अमोल यादव नावाच्या मराठी वैमानिकाने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान खरोखरच बांधले. नोकरीत दुसऱ्याने बनवलेली विमाने चालवायची आणि घरी येऊन स्वतःचे बांधायचे, असा त्यांचा क्रम. आधीचे प्रयत्न तडीस गेले नव्हते. पण फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते विमान लोकांनी डोळ्यांनी पाहिले. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली आणि 2020 साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. बातमी वाचणाऱ्यांना गच्चीचे कौतुक वाटले. मला मात्र तारखांनी विचारात पाडले. प्रदर्शनातले विमान आणि आकाशातले विमान यांच्यात चार वर्षांचे अंतर! वस्तू तयार होणे आणि तिच्यावर भरवसा बसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या तारखा सांगत होत्या.

हा उद्योग खरा फोफावला तो अमेरिकेत. तिथे 1953 साली पॉल पोबरेझ्नी यांनी घरी विमाने बांधणाऱ्यांची एक संस्था काढली. 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' हे तिचे नाव. आपल्याकडे एखाद्या देवाची जत्रा भरावी तशी तिची जत्रा विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावी दर उन्हाळ्यात भरते आणि माणसे स्वतः बांधलेल्या विमानांतून तिथे उतरतात. आज बहुतेक जण विमान अगदी शून्यातून बांधत नाहीत. कारखान्याकडून सुट्या भागांचा संच घेतात. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या कंपनीच्या संचांतून बांधलेली दहा हजारांहून अधिक विमाने उडालेली आहेत. संच म्हटले तरी काम लहान नाही. ॲल्युमिनियमचे पत्रे, हजारो रिव्हेट, मोकळ्या वेळातले दीड-दोन हजार तास. म्हणजे कित्येकांची चार-पाच वर्षे सहज जातात.

तिथला कायदा मला फार शहाणा वाटला. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेले असले पाहिजे. तरच ते 'हौशी बांधणी' ठरते. असे विमान सरकारी सुरक्षा-नियमांच्या ठरावीक मापात बसत नाही, अशी पाटी आत बसणाऱ्याला दिसेल अशी लावावीच लागते. आणि सुरुवातीचे तास, साधारणपणे चाळीस, ठरवून दिलेल्या भागातच चाचणी म्हणून उडवायचे, हौसेखातर कुणाला बरोबर घ्यायचे नाही. थोडक्यात, कायदा म्हणतो: बाबा रे, तुला हौस आहे ना? मग आधी तुझा स्वतःचा जीव तारण ठेव!

एवढे कष्ट, एवढा खर्च, वर जिवाला घोर. मग माणसे हे का करतात? स्वस्तात विमान हवे म्हणून? तसे असते तर जुने विकत घेणे सोपे. याचे उत्तर मला पुस्तकात शोधावे लागले नाही. ते आमच्या शेडमध्ये आहे.

अण्णा उसाच्या ट्रॉल्या बांधतात. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली. अँगल कापण्यापासून रंगाचा शेवटचा हात देईपर्यंत ट्रॉली त्यांच्या नजरेखाली वाढते. दुसऱ्याच्या दुकानात मजुरीवर होते तेव्हाही ते हेच काम करत होते, पण त्याविषयी ते कधी बोलत नाहीत. स्वतःच्या शेडमधून पहिली ट्रॉली बाहेर पडली तो दिवस मात्र ते तिथीवारासह सांगतात. दुसऱ्याने आखून दिलेला तुकडा जोडणे निराळे आणि अख्खी वस्तू आपल्या डोक्यातून, आपल्या हातांतून उतरणे निराळे. आजच्या जगात बहुतेकांच्या वाट्याला तुकडाच येतो. घरी विमान बांधणारा माणूस तुकड्याऐवजी अख्खे मागतो. शिवाय त्याला उत्तर देणारा परीक्षक लबाडी करत नाही. चांगले झाले तर ते उडेल, वाईट झाले तर उडणार नाही. तिथे वशिला चालत नाही!

पण मित्रहो, एवढ्यावर थांबले तर हा लेख नुसता गौरवगीत होईल. धोका आहे, आणि तो आकड्यांत आहे. अमेरिकेतील अपघातांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने 2012 साली या विमानांचा खास अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या खाजगी आणि छोट्या विमानांच्या ताफ्यात घरी बांधलेली विमाने दहा टक्क्यांच्या जवळपास. पण 2011 सालच्या अपघातांत त्यांचा वाटा सुमारे पंधरा टक्के आणि प्राणघातक अपघातांत सुमारे एकवीस टक्के होता. हा फरक हौसेच्या नावाखाली झाकता येणार नाही.

आता हा धोका नेमका कुठे असतो? 'घरी केलेले म्हणजे कच्चे' असे आपण पटकन म्हणतो. मला मात्र दोन निराळे धोके दिसतात.

पहिला धोका, जे कोणालाच माहीत नसते त्याचा. फ्रान्समध्ये आंरी मिन्ये नावाच्या गृहस्थाने 1930 च्या दशकात एक चिमुकले विमान काढले. नाव ठेवले 'पू-द्यु-सिएल', म्हणजे 'आकाशातील ऊ'! 1934 साली त्याने पुस्तक लिहून ते कसे बांधावे हे सर्वांना सांगितले आणि फ्रान्स-इंग्लंडमध्ये सामान्य माणसे कोठारांत आणि अंगणांत उवा बांधू लागली. एकापाठोपाठ दोन पंख, पुढचा वर-खाली कलणारा, मागचा पक्का. चालवायला सोपे वाटे. पण काही जण सूर मारल्यासारखे खाली आले ते पुन्हा वर उचललेच नाहीत. 1936 साली प्रचंड वातबोगद्यात पूर्ण आकाराचे विमान ठेवून तपासणी झाली, तेव्हा कारण कळले. नाक फार खाली गेले की पुढचा पंख कलवून ते वर घ्यावे, तर दोन पंखांमधल्या फटीतून येणारी हवा मागच्याच पंखाला जास्त उचलून धरी आणि नाक आणखी खाली जाई. बांधणाऱ्यांच्या हातांचा यात दोष नव्हता. खिळा न् खिळा नीट मारला असता तरी ते विमान त्या अवस्थेतून सुटले नसते. नुसती मेहनत आणि प्रामाणिकपणा पुरत नाही, हे मला इथे मान्य करावे लागते.

दुसरा धोका, जे एकाला माहीत असते पण दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही त्याचा. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 रोजी कॅलिफोर्नियात माँटेरेच्या उपसागरात विमान कोसळून गेला. तो नवशिका नव्हता. त्याच्या गाठीशी 2,700 तासांहून अधिक उड्डाण होते. विमान बर्ट रुटान यांच्या 'लाँग-ईझी' या नावाजलेल्या आराखड्याचे होते. पण ते डेन्व्हरने बांधलेले नव्हते. दुसऱ्या कुणी बांधलेले ते विमान नुकतेच त्याच्या ताब्यात आले होते. एका टाकीतले इंधन संपले की दुसरी टाकी चालू करण्याची कळ मूळ आराखड्यात वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे बसवली होती. तिच्यावर खुणा नव्हत्या, इंधन दाखवणाऱ्या नळ्यांवरही नव्हत्या. ती फिरवायची तर हात सोडून, अंग वळवून मागे जावे लागे. चौकशीचा निष्कर्ष असा, की कळ फिरवण्याच्या धडपडीत त्याचे लक्ष उडाले, उजवा पाय नकळत दाबला गेला आणि विमान हाताबाहेर गेले. उड्डाणापूर्वीची अपुरी तयारी आणि त्या विमानाचा अपुरा सराव याही गोष्टी चौकशीत नोंदल्या गेल्या.

ज्याने कळ तिथे बसवली त्याच्या अंगवळणी ती पडलेली असणार. त्याचे विमान त्याच्या अंगाला आले होते, जसा आपल्या मापाने शिवलेला सदरा येतो. तोच सदरा दुसऱ्याने घातला तर काखेत धरतो. सदऱ्याच्या बाबतीत शिवण उसवते. विमानाच्या बाबतीत प्राण जातात. मघाच्या त्या 2012 च्या अभ्यासातही हेच दिसते: 2011 साली अपघात झालेल्या घरबांधणीच्या विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने चालवणाऱ्याने बांधलेली नव्हती, वापरलेली विकत घेतलेली होती. मुख्य कारणे होती इंजिन बंद पडणे आणि ताबा सुटणे.

हे वाचले तेव्हा मला अण्णांची वही आठवली. वही त्यांची, अक्षर माझे. मी पाचवीत असल्यापासून ती लिहिते आहे. ट्रॉली कोणाची, कोणत्या जाडीचा पत्रा, ॲक्सल कुठला, भार किती घ्यावा, कुठे नेहमीपेक्षा वेगळा जोड दिला. या वहीमागे एक गोष्ट आहे. अण्णांनी एका ओळखीच्यासाठी हलक्या कामाची ट्रॉली बांधली होती. त्याने ती दोन वर्षांनी विकली. नव्या मालकाने तिच्यात गच्च ऊस भरला आणि चढावर मागचा जोड सुटला. कोणाला इजा झाली नाही, पण अण्णा दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग मला म्हणाले, "पोरी, टाका वरनं समदे सारखेच दिसत्यात. कुठं किती जोर हाय ते मला ठावं. पर मी काय परत्येक ट्रॉलीसंगं जाणार हाय व्हय? तू लिवून ठेव."

तेव्हा मला वाटले होते की अण्णांना लिहिता येत नाही म्हणून मी लिहिते. आता वाटते, की हाताने केलेल्या कामाचे शेवटचे अंग म्हणजे ती वही. तिच्यावाचून वस्तू अर्धीच. करणाऱ्याचे ज्ञान त्याच्या बोटांत राहते आणि वस्तू मात्र फाटकाबाहेर जाते. विमान बांधणाऱ्यांच्या जगातही चांगली माणसे रोज काय केले त्याची नोंद ठेवतात, छायाचित्रे काढतात, दुसऱ्या जाणकाराला बोलावून तपासून घेतात. 2023 साली व्हॅनग्रन्सव्हेन यांच्याच कंपनीच्या काही संचांत लेसरने कापलेल्या भोकांच्या कडांना तडे जात असल्याचे उघडकीस आले. जगभरचे बांधणारे आपापल्या शेडमध्ये भिंग घेऊन बसले, भाग बदलण्याची मागणी झाली, आणि डिसेंबर 2023 मध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागावे लागले. पुढे ती त्यातून सावरली. पण तडा झाकून ठेवला नाही, बोलून दाखवला, यातच त्या छंदाची लाज राहिली.

आपल्याकडे अजून एक भिंत आहे. हात चालवणारा एकीकडे आणि लेखणी चालवणारा दुसरीकडे. आमच्या घरात कॉलेजात येणारी मी पहिली. शेजारीपाजारी अण्णांना सांगतात, "पोरगी शिकली, आता शेडातनं सुटली!" ते चांगल्या मनाने बोलतात, पण ते वाक्य मला बोचते. मी शेडमधून सुटण्यासाठी शिकत नाही. ज्याने बांधले त्याला जे ठाऊक आहे, ते जो वापरणार त्याच्यापर्यंत नीट, स्वच्छ, खोटे न बोलता पोहोचवणे, हे कलाशाखेचे काम नाही तर कोणाचे? एका कळीवर दोन शब्दांची खूण असती तर एक माणूस कदाचित वाचला असता. भाषेचा याहून मोठा उपयोग मला तरी माहीत नाही.

मैत्रिणी विचारतात, "अशा विमानात तू बसशील का?" बसेन. पण आधी मी बांधणाऱ्याला तीन प्रश्न विचारीन. तू स्वतः किती तास यातून उडलास? तुझे काम दुसऱ्या कोणी तपासले? आणि तुझी वही कुठे आहे?

वही दाखवली, तर पट्टा आवळून बसेन.