पन्नास रुपयांचा उजेड

2011 सालची गोष्ट. नांदेडच्या आमच्या वस्तीत भारनियमनामुळे अभ्यासिकेचे दिवे ऐन संध्याकाळी जात. दहावीची मुले विहाराच्या ओट्यावर मेणबत्त्या लावून बसत. बाबासाहेबांनी 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळले. त्याच काळात, 1944 साली, केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. स्वस्त व मुबलक विजेचा आग्रह धरणाऱ्या त्या महामानवाच्या तसबिरीखालीच अंधार, हे मनाला फार लागे.

घरच्या घरी पवनचक्की करता येते, असे वाचनात आले. स्कॉटलंडमधील स्कोरेग या वस्तीत विजेची तार पोहोचलेली नव्हती. तिथल्या ह्यू पिगॉट यांनी भंगारातल्या ब्रेक ड्रमपासून पवनचक्क्या केल्या आणि पुस्तके लिहून ती विद्या जगाला दिली. मी पडलो बी.कॉम. झालेला कारकून, पण मंडळाने माझ्यावर विश्वास टाकून वर्गणी गोळा केली. धुणीभांडी करणाऱ्या एका मावशीने पन्नास रुपये दिले.

मोटारीचा अल्टरनेटरच का नाही लावला, असे काहींनी विचारले. तो फार वेगाने फिरवावा लागतो आणि स्वतःच्या चुंबकत्वासाठी बॅटरीचीच वीज खातो. मंद वाऱ्याला कायम चुंबकच हवेत. त्या वर्षी चीनने निर्यात आवळल्याने निओडिमियम चुंबकांचे भाव भडकले होते, तरी सोळा मागवले. लोखंडाच्या दोन तबकड्यांवर आठ-आठ बसवले, एकीचा उत्तर ध्रुव दुसरीच्या दक्षिण ध्रुवासमोर येईल असे. मध्ये राळेत ओतून घट्ट केलेली सहा कॉइलची स्थिर तबकडी. चुंबक एकमेकांवर असे झेपावतात की बोट सापडले तर चेंदामेंदा! पोरांना आधी तेच शिकवले.

कॉइल आमच्या मुलींनी गुंडाळल्या, प्रत्येकी 40 वेढ्यांच्या. मिनिटाला 200 फेऱ्यांवर मीटरने जेमतेम 8 व्होल्ट दाखवले. 12 व्होल्टची बॅटरी त्यावर चार्ज होणार कशी? ओळखीचे एक गृहस्थ हसून म्हणाले, "हे इंजिनिअरचं काम, तुमचं नव्हे." ते वाक्य आपल्या पिढ्यांनी वेगवेगळ्या शब्दांत ऐकलेले आहे. पण तथागतांनी कालामांना सांगितले होते की, कुणी म्हणतो म्हणून मानू नका, पारखून घ्या. मी वही काढली. वेग तोच असला तर व्होल्ट वेढ्यांच्या प्रमाणात वाढतात. 40 वेढ्यांना 8, तर 14 ला किती? सातवीचे त्रैराशिक! उत्तर आले 70. तितक्याच जागेत 70 वेढे बसवायचे म्हणून तार बारीक घेतली. बारीक तार जास्त तापते, तो तोटा मान्य केला. पुन्हा राळ ओतली. मीटरचा काटा 14 वर गेला तेव्हा वही मुलींच्याच हातात होती.

आषाढात पवनचक्की गरगर फिरली. विहारात दिवे लागले, मावशींनी स्वतः बटण दाबले. पण हिवाळा आला आणि वारा पडला. वारा निम्मा झाला की त्यातली ताकद एक-अष्टमांश उरते, हे मी आधी नीट पाहिलेच नव्हते. नेमकी परीक्षेच्या दिवसांत पाती थांबली. मावशी म्हणाल्या, "भाऊ, माझ्या पन्नास रुपयांचा उजेड कुठंय रे?"

त्या रविवारी वंदनेनंतर मी सगळा जमाखर्च वाचून दाखवला आणि चूकही सांगितली : यंत्र बरोबर होते, पण वर्षभराचा वारा मोजल्याशिवाय मी वर्गणी घेतली. कुणी रागावले नाही. पुढे मंडळाने सौर पॅनेल बसवले, बॅटरी तीच ठेवली. आता तसे भारनियमन राहिलेले नाही. मात्र कॉइल गुंडाळणाऱ्यांतली एक मुलगी आयटीआयमध्ये वीजतंत्री झाली. जुन्या 40 वेढ्यांची कॉइल तिने मागून नेली.

बंधू-भगिनींनो, वस्तीत असे काही करायचे झाल्यास आधी वर्षभर वारा मोजा, मग वर्गणी मागा. आणि वही मुलामुलींच्या हाती द्या. मावशींच्या पन्नास रुपयांचा उजेड मला तिथेच सापडला.

जयभीम.