अब्बांचा खांदा

अब्बांचा उजवा हात कानापर्यंत जात नाही, हे मला ईदच्या नमाजात कळलं. ईदला सहा तकबीर जादा असतात, हात पुन्हा पुन्हा वर जातात. अब्बांचा डावा हात कानाशी पोचत होता, उजवा छातीपाशीच थांबत होता. घरी विचारलं तर म्हणाले, "वय झालं, बेटा."

आमचं गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी. धरण 1980 साली पुरं झालं. त्याआधी जुनं गाव उठलं, तेव्हा अब्बा शाळकरी पोर होते. घराच्या तुळया त्यांनी याच खांद्यावरून नव्या गावठाणात आणल्या. पुढं कंदरच्या बाजूला केळीच्या बागा वाढल्या आणि घड वाहणं हाच त्यांचा रोजगार झाला.

आधी एका दवाखान्यात एक्स-रे काढला. हाडं ठीक आहेत म्हणून गोळ्या मिळाल्या. खांद्याला कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र आधी कुर्ता काढायला लावला. मागं उभं राहून दोन्ही खांदे न्याहाळले. उजवीकडं, पाठीवरच्या चपट्या हाडाच्या वर, खळगा पडला होता. म्हणाले, "चाचा, हात बाजूनं वर करा." हात थोडाच उचलला, खांदाच कानाकडं सरकला. मग डॉक्टरांनी स्वतः हात धरून अलगद वर नेला. तो थेट कानाला लागला!

"सांधा आखडला असता, तर माझ्यानंही हात वर गेला नसता. साखरेच्या पेशंटमध्ये तसं बरंच दिसतं. इथं सांधा मोकळा आहे. ओढणारी दोरी तुटलेली दिसते."

खांद्याची वाटी उथळ, दंडाच्या हाडाचा गोळा मोठा. त्याला चार स्नायूंच्या दोऱ्या धरून ठेवतात. त्यातली वरची, सुप्रास्पायनेटस, हाडाच्या छपराखालच्या चिंचोळ्या जागेतून जाते. वयानं आणि ओझ्यानं बहुतेक तीच आधी झिजते. साध्या एक्स-रेत ती दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो.

शेवटी डॉक्टरांनी हात आडवा धरला आणि सोडला. "सावकाश खाली आणा." हात धपकन पडला. अब्बा ओशाळून हसले. मला ते बघवलं नाही.

आता व्यायाम चालू आहे. नमाजात जमेल तितकाच हात उचलण्याची मुभा आहेच. पण तो का उचलत नाही, हे आम्ही घरच्यांनी कितीतरी दिवस पाहिलंच नव्हतं. तुमच्या घरात कुणी डाव्या हातानं उजवा हात उचलून बाहीत घालत असेल, तर वयावर ढकलू नका.